विषाची परीक्षा

विषाची परीक्षा पाहूं नये, असें मराठींत पूर्वापार म्हणतात. ह्या म्हणींत मोठें व्यवहारज्ञान आहे. जें विष म्हणून प्रसिद्ध आहे तें खरोखरच मारक आहे कीं नाहीं, हें जिभेवर ठेवून ठरवूं पाहणारा मनुष्य आपला निर्णय सांगावयास बहुधा मागें उरत नाहीं. परंतु ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं विषें थोडीं होतीं आणि त्यांचीं नांवें घरोघर ठाऊक होतीं. सोमल, बचनाग, धोतरा, नागाचें विष, एवढ्यांत ती यादी संपत असे. आज मनुष्यानें बनविलेलीं हजारों द्रव्यें नित्य वापरांत आहेत. त्यांच्यावर विष असा शिक्का नसतो. औषध, कीटकनाशक, रंग, खत अशा उपकारक नांवांनीं तीं घरांत व शेतांत शिरतात. अशा द्रव्यांची परीक्षा प्रयोगशाळेंत झाली नाहीं, तर ती टळली असें होत नाहीं. ती मग विहिरीवर होते, पाळण्यांत होते, रानांत होते. आणि तिचा निकाल हातीं येईपर्यंत पुष्कळदां एक पिढी निघून जाते.

ह्याचीं उदाहरणें पाहण्यासाठीं सातासमुद्रांपलीकडे जावयास नको. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन अरण्यमय जिल्हे आहेत. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा सर्व मुलूख मिळून एकच जिल्हा होता. वैनगंगेच्या दोहों तीरांवर धानाचीं शेतें, मालगुजारी काळांतील तलाव, साग, बांबू व मोह यांचीं रानें, आणि त्या रानांत गोंड व माडिया लोकांचीं गांवें, असें ह्या प्रदेशाचें रूप आहे. शहरांतल्या सुशिक्षित मनुष्याची समजूत अशी असते कीं, रसायनांचा त्रास असलाच तर तो गिरण्या-कारखान्यांच्या शहरांना; रानांतला मनुष्य त्यापासून मुक्त. वस्तुस्थिति तशी नाहीं. ह्या प्रदेशांतील विहीर, घराची भिंत आणि गांवाबाहेर टाकलेला मेलेला बैल, ह्या तीन वस्तु विषविद्येचे तीन धडे शिकवितात.

ते धडे समजण्यासाठीं विष मोजण्याची जुनी रीत प्रथम पाहिली पाहिजे. सोळाव्या शतकांत पॅरासेल्सस ह्या वैद्यानें असें प्रतिपादन केलें कीं, प्रत्येक वस्तूंत विष आहे. ती मारक ठरते कीं तारक, हें तिच्या मात्रेवर अवलंबून. हा विचार पुढें शास्त्राचा पाया झाला. १९२७ सालीं ट्रेव्हन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें त्याला अंकांचें रूप दिलें. जेवढ्या मात्रेनें प्रयोगांतील निम्मे प्राणी मरतात, ती त्या द्रव्याची मारक मात्रा होय, अशी त्याची व्याख्या होती. ही मोजणी सोपी व उपयुक्त ठरली आणि जगभर चालू झाली. परंतु तिनें एकच प्रश्न विचारला: प्राणी मेला कीं जगला? जो जगला त्याचीं हाडें कशीं वाढलीं, त्याला पिलें झालीं कीं नाहीं, झालेलीं पिलें धड होतीं कीं नव्हतीं, ह्या गोष्टींची नोंद त्या अंकांत नव्हती.

पहिला धडा विहिरीचा आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या अनेक भागांतील भूजलांत फ्लोराइड हें द्रव्य प्रमाणाबाहेर आढळतें. तें कोणीं मिसळलेलें नाहीं. ग्रॅनाइटसारख्या जुन्या खडकांतील कांहीं खनिजांत तें असतें आणि खोल झिरपणाऱ्या पाण्यांत हळूहळू उतरतें. उथळ विहिरींचीं पाणीं आटूं लागलीं आणि लोक खोल विंधनविहिरींकडे वळले, तसा हा प्रश्न अधिक जाणवूं लागला. जंतूंच्या दृष्टीनें विंधनविहिरीचें पाणी अधिक सुरक्षित, हें खरेंच. परंतु जें पाणी कॉलऱ्यापासून वांचवितें तेंच कांहीं ठिकाणीं दांतांचें व हाडांचें नुकसान करतें.

भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावें. दुसरें पाणी मिळण्यासारखें नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावें. अल्प प्रमाणांत तें दांतांना हितकर असतें. सीमा ओलांडली कीं दांतांवर प्रथम खडूसारखे पांढरे पट्टे, नंतर पिवळे-तपकिरी डाग येतात. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, हे डाग प्रौढपणीं लागत नाहींत. कायमच्या दांतांचें कवच हिरडीच्या आंत जन्मापासून सुमारें आठव्या वर्षापर्यंत घडत असतें. तें घडविणाऱ्या पेशींच्या कामांत ह्याच काळांत फ्लोराइडची बाधा होते. कवच एकदां तयार झाल्यावर त्या पेशी राहत नाहींत, म्हणून बाधाहि होत नाहीं आणि दुरुस्तीहि होत नाहीं. एकाच विहिरीचें पाणी पिणारी नवी सून आणि तिचें पाळण्यांतलें मूल यांच्यांत हा मोठा भेद आहे. सुनेचे दांत शुभ्रच राहतात. मुलाचे दांत सात वर्षांनीं त्या विहिरीची साक्ष देत उगवतात. पुष्कळ वर्षें हेंच पाणी पोटांत गेलें, तर हाडें व सांधे ताठरतात, आणि तो त्रास मात्र मोठ्यांनाहि सोडीत नाहीं.

तेव्हां मात्रेइतकेंच वयाला महत्त्व आहे, हा पहिला धडा. वाढणारें शरीर हें लहान आकाराचें प्रौढ शरीर नव्हे. त्यांत प्रत्येक अवयवाची घडण ठरलेल्या वेळीं होते, आणि त्या वेळीं आलेला अडथळा जन्मभर तसाच राहतो.

वाढीचें हें वेळापत्रक कोण सांभाळतो, ह्या प्रश्नाचें उत्तर अंतःस्रावी ग्रंथींत आहे. गळ्यांतील थायरॉइड, मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युटरी, मूत्रपिंडांवरील ग्रंथी, स्त्रीचे बीजकोश व पुरुषाचे वृषण, ह्या सर्वांतून अत्यल्प प्रमाणांत जे रस रक्तांत मिसळतात, त्यांना हार्मोन किंवा संप्रेरकें म्हणतात. तीं निरोप्याचें काम करतात. उंची केव्हां वाढावी, आवाज केव्हां फुटावा, गर्भ मुलाच्या अंगानें घडावा कीं मुलीच्या, हे निरोप तीं पोंचवितात. १९१२ सालीं गुडरनाच ह्या शास्त्रज्ञानें बेडकाच्या पिलांना, म्हणजे भैरांना, घोड्याची थायरॉइड ग्रंथि खाऊं घातली. तेव्हां तीं पिलें वेळेपूर्वींच शेपटी टाकून माशीएवढे बेडूक बनलीं. ज्यांची ती ग्रंथि काढून टाकली जाते, अशीं पिलें वाढत राहतात, परंतु बेडूक कधींच होत नाहींत. एका थेंबाहूनहि अल्प असा रस एवढें रूपांतर घडवितो.

असा निरोप अत्यल्प मात्रेनें पोंचतो, म्हणूनच खोटा निरोपहि अत्यल्प मात्रेनें पोंचूं शकतो. कांहीं कृत्रिम द्रव्यांची घडण संप्रेरकांशीं इतकी मिळतीजुळती असते कीं, पेशी त्यांना खरा निरोप्या समजून दार उघडतात. दुसरीं कांहीं द्रव्यें दार अडवून बसतात आणि खऱ्या निरोप्यास आंत येऊं देत नाहींत. १९३८ सालीं इंग्लंडांत तयार झालेलें डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हें कृत्रिम स्त्री-संप्रेरक अमेरिकेंत पुढें अनेक वर्षें गर्भपात टाळण्यासाठीं गरोदर स्त्रियांना देण्यांत येत होतें. त्या मातांना तत्काळ कांहीं अपाय दिसला नाहीं. परंतु १९७१ सालीं बोस्टनच्या डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं, त्यांच्या पोटीं जन्मलेल्या कांहीं मुलींना ऐन तारुण्यांत, एरव्हीं त्या वयांत क्वचितच आढळणारा, जननमार्गाचा कर्करोग होत आहे. औषध आईनें घेतलें आणि व्याधि मुलीला झाली. मध्यें पंधरा-वीस वर्षें गेलीं.

येथें दुसरा धडा सुरू होतो, आणि तो घराच्या भिंतीवर लिहिलेला आहे. चंद्रपूर-गडचिरोलीचीं रानें हिवतापासाठीं प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रांतील हिवतापाच्या रोग्यांत गडचिरोलीचा वांटा नेहमींच मोठा राहिला आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतांत दरवर्षीं सुमारें साडेसात कोटी लोक हिवतापानें आजारी पडत आणि आठ लाख मृत्यु पावत, असा सरकारी अंदाज होता. १९५३ सालीं राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरांच्या भिंतींवर आंतून डीडीटी फवारण्याची प्रथा देशभर पसरली. १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या सुमारें एक लाखावर आली. डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधून काढणाऱ्या पॉल म्युलर यांना १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तें अनाठायीं होतें असें कोणी म्हणणार नाहीं. मनुष्य त्या भुकटीनें मरत नाहीं, ही गोष्ट तेव्हां प्रत्यक्ष दिसत होती, आणि जुन्या मोजणीप्रमाणें तेवढें पुरेसें होतें.

डीडीटी मनुष्यास मारीत नाहीं, परंतु जातहि नाहीं. तें चरबींत सांठतें, आणि लहान कीटकापासून माशांत, माशापासून पक्ष्यांत जातां जातां त्याचा सांठा वाढत जातो. ब्रिटनमध्यें बहिरी ससाण्यांचीं अंडीं घरट्यांतच फुटूं लागलीं, तेव्हां रॅट्क्लिफ ह्या संशोधकानें संग्रहालयांत जपलेलीं जुनीं कवचें काढून नव्यांशीं ताडून पाहिलीं. १९६७ सालीं त्यानें प्रसिद्ध केलें कीं, १९४७ च्या सुमारापासून हीं कवचें एकदम पातळ झालीं आहेत. त्यांचा सुमारें पांचवा हिस्सा घटला होता. पुढील शोधांनीं कारण स्पष्ट झालें. डीडीटीपासून शरीरांत बनणारें डीडीई हें द्रव्य कवचास चुना पुरविण्याच्या क्रियेंत अडथळा आणतें. पक्षीण जिवंत, अंडें मात्र आईच्या भाराखालीं फुटलेलें. हा प्रकार मारक मात्रेच्या कोष्टकांत कोठेंच बसत नव्हता. डीडीटीचा एक घटक स्त्री-संप्रेरकासारखें वागतो आणि डीडीई पुरुष-संप्रेरकाचें दार अडवितें, हेंहि प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे.

भारतांत १९८९ सालीं शेतींतील डीडीटीचा वापर बंद करण्यांत आला. रोगप्रसारक डांसांविरुद्धचा वापर मर्यादित स्वरूपांत पुढेंहि चालू राहिला. देशांत वेळोवेळीं झालेल्या तपासण्यांत मातांच्या दुधांतहि त्याचा अंश आढळला आहे. म्हणून कोणीं स्तनपान सोडावें असें मुळींच नाहीं. बालकास त्याहून श्रेष्ठ आहार नाहीं, असाच वैद्यांचा निर्वाळा आहे. परंतु भिंतीवर मारलेलें औषध अखेर पाळण्यापर्यंत पोंचतें, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. एका पारड्यांत हिवतापानें तापलेलें मूल आणि दुसऱ्या पारड्यांत न जन्मलेलें मूल, असा हा अवघड तराजू आहे. डासांपासून बचाव करणाऱ्या औषधयुक्त मच्छरदाण्या, डबक्यांचा बंदोबस्त आणि रोग्याचें लवकर निदान ह्या उपायांचें महत्त्व इथेंच कळतें. ते पहिलें पारडें हलकें करतात आणि दुसऱ्यांत भर घालीत नाहींत.

तिसरा धडा मेलेल्या बैलाचा. गांवांत गुरूं मेलें कीं तें ढोरफोडीच्या जागीं नेऊन टाकावयाचें, आणि घटकाभरांत आकाशांतून गिधाडें उतरून त्याचा सांगाडा करीत, हें दृश्य एके काळीं विदर्भांतील प्रत्येक गांवाच्या परिचयाचें होतें. १९९० नंतर तें दिसेनासें होऊं लागलें. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनीं राजस्थानांतील भरतपूर येथें ही घट प्रथम नोंदविली. देशभर केलेल्या गणनांवरून असें ठरलें कीं, १९९२ ते २००७ ह्या काळांत पांढऱ्या पाठीचीं गिधाडें ९९.९ टक्क्यांनीं घटलीं, म्हणजे हजारांत एकच उरलें.

प्रथम संशय डीडीटीवर आणि रोगजंतूंवर गेला. परंतु येथें केवळ अंडीं फुटत नव्हतीं, तर धडधाकट पक्षी माना टाकून झाडाखालीं पडत होते. २००४ सालीं लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनीं पाकिस्तानांतील मृत गिधाडें तपासून खरें कारण प्रसिद्ध केलें. तें डायक्लोफिनॅक हें वेदनाशामक औषध होतें. गुरांना सूज व ताप यांवर तें सर्रास टोंचण्यांत येत असे. टोंचल्यानंतर एक-दोन दिवसांत गुरूं मेलें तर औषधाचा अंश मांसांत राहतो; तो पोटांत जातांच गिधाडाचीं मूत्रपिंडें बंद पडतात आणि युरिक आम्लाचे पांढरे थर आंतील अवयवांवर सांचून दोन-तीन दिवसांत तें मरतें. गिधाडाची मादी वर्षांतून एकच अंडें घालते. त्यामुळें शंभरांत एकाहूनहि कमी मृत गुरें विषारी असलीं, तरी सबंध जातीचा ऱ्हास होण्यास तेवढें पुरे होतें, असें गणितानें दिसून आलें.

हेंच औषध मनुष्य घेतो, गाय पचविते. एवढेंच नव्हे, अमेरिकेंतील टर्की व्हल्चर नांवाच्या, गिधाडाप्रमाणेंच मृतमांस खाणाऱ्या पक्ष्याला, भारतीय गिधाडाच्या मारक मात्रेच्या शंभरपटीहून अधिक औषध दिलें तरी त्याला कांहीं होत नाहीं, असें २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळलें. म्हणजे कोणी सावधगिरीनें ह्या अमेरिकन पक्ष्यावर प्रयोग केला असता, तरीहि औषध निर्धोक असा दाखला मिळाला असता. १९६१ सालीं युरोपांत बाजारांतून मागें घेण्यांत आलेल्या थॅलिडोमाइड ह्या औषधानें दहा हजारांहून अधिक बालकें हातापायांनीं अधू जन्मलीं. तेंहि उंदरांना फारसें बाधत नव्हतें, सशांना बाधत होतें. परीक्षा कोणाची घेतली, ह्यावर निकाल अवलंबून राहतो, हा तिसरा धडा होय.

ह्या धड्यानंतर जें झालें तें मात्र आशादायक आहे. मेलॉक्सिकॅम हें दुसरें वेदनाशामक आधीं आफ्रिकी व मग भारतीय गिधाडांवर काळजीपूर्वक तपासून पाहण्यांत आलें आणि तें निर्धोक ठरलें. २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मनुष्यांसाठीं असलेल्या मोठ्या बाटल्या गुरांकडे वळविल्या जात, म्हणून २०१५ सालीं त्या इंजेक्शनाची बाटली तीन मिलिलिटरपुरती मर्यादित झाली. असेक्लोफिनॅक हें औषध गुराच्या शरीरांत डायक्लोफिनॅकच बनतें. तें आणि किटोप्रोफेन हीं दोन्हीं २०२३ सालीं गुरांसाठीं वर्ज्य झालीं. गडचिरोलींत वनविभागानें गिधाडांसाठीं निर्धोक मृत गुरें ठेवण्याच्या जागा केल्या आणि गांवकऱ्यांना त्या कामांत सहभागी केलें. जानेवारी २०२४ मध्यें हरियाणांतील पिंजोरच्या संवर्धन-केंद्रांत वाढलेलीं पांढऱ्या पाठीचीं दहा गिधाडें चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पांत बोटेझरी येथें आणण्यांत आलीं, आणि त्याच वर्षीं तीं मोकळ्या आकाशांत सोडण्यांत आलीं.

ह्या तीन धड्यांनीं परीक्षेची रीत आतां पालटली आहे. प्राणी मेला कीं जगला एवढ्यावर न थांबतां उंदरांच्या दोन-दोन पिढ्यांवर लक्ष ठेवतात. गुडरनाचचा जुना प्रयोग तर आज रीतसर कसोटीच बनला आहे. २००९ सालीं आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेल्या ह्या कसोटींत बेडकाचीं पिलें एकवीस दिवस संशयित द्रव्याच्या पाण्यांत ठेवतात आणि त्यांचे पाय वेळेवर फुटतात कीं नाहीं तें मोजतात. पाय रेंगाळले, तर थायरॉइडच्या कामांत कांहीं तरी ढवळाढवळ झाली, हें कळून येतें. भारतांतहि लखनौ येथें १९६५ सालीं विषविज्ञानाची राष्ट्रीय संशोधन संस्था निघाली. १९५८ सालीं केरळांत पॅराथिऑन मिसळलेल्या धान्यानें शंभरांहून अधिक माणसें दगावलीं, आणि त्या दुर्घटनेच्या पाठोपाठ पुढें १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला.

तरी एक उणीव उरतेच. प्रयोगशाळेंत एका वेळीं एक द्रव्य तपासतात. प्रत्यक्ष जगांत मूल एका वेळीं एकच द्रव्य घेत नाहीं. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचे गुणांक काढले, तेव्हां चंद्रपुराला शंभरांपैकीं ८३.८८ गुण मिळाले आणि देशांतील अति प्रदूषित क्षेत्रांत त्याची गणना झाली. ह्या परीक्षेंत अधिक गुण म्हणजे अधिक वाईट. तेथील एखादें बालक कोळशाचा धूर श्वासांतून, फ्लोराइड पाण्यांतून आणि फवारणीचा अंश अन्नांतून एकदमच घेत असेल. प्रत्येक द्रव्य आपापल्या मर्यादेंत असलें, तरी तिघांची बेरीज कोण करणार? हा हिशेब मांडण्याचें काम शास्त्रापुढें आहे, आणि तो मांडावा असा आग्रह धरण्याचें काम समाजाचें आहे.

सुशिक्षित गृहस्थ-गृहिणींच्या हातींहि कांहीं गोष्टी आहेत. विंधनविहिरीचें पाणी असेल तर त्यांतील फ्लोराइड एकदां तरी तपासून घ्यावें. त्याला रंग, वास, चव नसते, आणि पाणी उकळल्यानें तें जात नाहीं. उलट पाणी आटून त्याचें प्रमाण वाढतें. तुरटी व चुना वापरून तें काढण्याची नलगोंडा पद्धति नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनेंच विकसित केली आहे. गरोदर स्त्रीनें व लहान मुलांनीं फवारणीच्या जागेपासून दूर राहावें, आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून कोणतेंहि औषध तिला देऊं नये. ज्यांच्या गांवाकडे गुरेंढोरें आहेत त्यांनीं पशुवैद्यास टोंचण्याच्या औषधाचें नांव विचारावें. गिधाडास निर्धोक असें औषध उपलब्ध आहे.

विषाची परीक्षा पाहूं नये, ही म्हण आजहि खोटी ठरलेली नाहीं. ती पाहण्याचा अधिकार विहिरीवर पाणी भरणाऱ्या बाईच्या पोरावर किंवा रानांतल्या मुक्या पांखरावर कोणीं लादूं नये, एवढाच तिचा अर्थ आतां विस्तारला आहे. द्रव्य बाजारांत येण्यापूर्वीं त्याची परीक्षा व्हावी, आणि ती सर्वांत लहान, सर्वांत नाजूक जीव डोळ्यांपुढें ठेवून व्हावी. कारण त्या जिवाला जें सोसतें तें इतरांना सहसा सोसतेंच, आणि जें सोसत नाहीं त्याची भरपाई पुढें कोणालाहि करतां येत नाहीं.